भरून परत केलेला कंदील

बायकांच्या पोटात गोष्ट राहत नाही म्हणतात. साफ खोटं आहे. माझ्या पोटात गेली साठ-पासष्ट वर्षं एक अख्खा कंदील आहे — काचेसकट, तेलासकट. नवऱ्याला सांगितलं नाही, लेकींना नाही. देवापुढे बसले तेव्हाही दुसरंच काहीतरी पुटपुटले. आज तुम्हाला सांगते. तुम्हालाच का? — तुम्ही माझ्या माहेरचे नाही, म्हणून.

माहेर पंचवटीच्या पुढे, पेठ रस्त्याला. तेव्हा मी चौदा वर्षांची. अंगाने काटकी आणि तोरा जहागीरदारणीचा. आज ती पोरगी समोर आली, तर आधी तिची वेणी ओढीन.

आमच्या गावच्या माळावर विमान उतरायचं. हसू नका, खरंच! मुंबईचा एक हौशी पारशी गृहस्थ स्वतःचं दोन मजली पंखांचं विमान घेऊन यायचा. माळाजवळ त्याने बंगली बांधली होती. गाव त्याला बावाजी म्हणायचं. दिवसाउजेडी आला तर प्रश्न नव्हता. पण बावाजीला उशीर करायची खोड. अंधार पडल्यावर वर घरघर ऐकू आली, की माझे बापू आणि दोन गडी धावत जाऊन माळावर कंदिलांच्या दोन रांगा मांडायचे.

खरी गोम होती ती टेकडीची. माळाच्या अलीकडे, बरोबर बावाजीच्या वाटेत, आमची टेकडी. दिवसा बसलेल्या म्हशीसारखी स्पष्ट. काळोखात मात्र म्हैस कुठे आणि काळोख कुठे? वरून पाहणाऱ्याला माळावरचे दिवे दिसतात आणि मधला अंधार सगळा सपाटच वाटतो. म्हणून माथ्यावर लाल काचेचा एक मोठा कंदील असायचा. तो डाव्या हाताला ठेवून आलं, की टेकडी चुकते — एवढा साधा हिशोब.

माझी नात आता विमान चालवते. ती सांगते, हल्ली विमानातच यंत्र असतं, डोंगर जवळ आला की ते ओरडतं. आमच्या वेळी ते यंत्र म्हणजे इस्माईलचाचा. डबे-कंदील कथलाचा डाक लावून, सांधून दुरुस्त करणारा म्हातारा. विमान येवो न येवो, दिवेलागणीला टेकडी चढून तो दिवा लावायचा. एक दिवस चुकला असेल तर शपथ.

आता दिवाळी. लक्ष्मीपूजनाचा दिवस. शेजारच्या चंद्रीच्या दारात शहरातून आणलेला कागदी आकाशकंदील झुलत होता, आणि आमच्या दारात नुसती काठी. चंद्री कुंपणावरून म्हणाली, "का गं, तुमच्यात काय अंधाराचीच पूजा असती व्हय?"

झालं. एवढ्याशा वाक्यावर माणूस काय काय करतं, नाही?

मी दारात रांगोळी काढत बसले होते. समोरून चाचा निघाले, खांद्यावर तेलाची बाटली. मी म्हटलं, "चाचा, उतरताना फराळाला या हं." ते म्हणाले, "आधी दिवा, बेटी, मग चकली." गेले, दिवा लावला, मागच्या पायवाटेने उतरून आपल्या भट्टीकडे गेले. आणि टेकडीच्या माथ्यावर तो लाल ठिपका इतका देखणा दिसायला लागला, की माझी अक्कल चुलीत गेली.

मी विचार केला — हो, केला होता विचार, तेच तर हसू येतं — लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कोण विमान उडवतं? बावाजी पारशी आहे, त्याला कुठलं आलंय लक्ष्मीपूजन, हे काही त्या डोक्यात शिरलं नाही. तरातरा टेकडी चढले, पेटता कंदील काढून आणला, पतंगाचा लाल कागद डकवला आणि दारातल्या उंच काठीवर चढवला. आई करंज्यांत बुडालेली, बापू गोठ्यात. चंद्रीने आ वासला. मी म्हटलं, "मामानं धाडलाय." अहाहा! तेवढी अर्धी घटका मी साऱ्या नाशिक जिल्ह्याची राणी होते.

मग घरघर आली.

बापू माळाकडे धावले, दिव्यांच्या रांगा मांडल्या. वरून येणाऱ्याला आमचं घर टेकडीच्या डाव्या अंगाला. बावाजीने नेमाप्रमाणे लाल दिवा डाव्या हाताला घेतला — माझा दिवा! — आणि सरळ टेकडीवरच आला. पुढचं त्याने स्वतः सगळ्यांना सांगितलं. माळावरचे दिवे पटापट विझायला लागले, आधी अलीकडचे, मग पलीकडचे. त्याला वाटलं, वारा सुटला. आणि मग डोक्यात उजेड पडला, की वारा काही असा ओळीने दिवे विझवत येत नाही. दिव्यांच्या आणि आपल्यामध्ये काहीतरी उभं आहे. त्याने विमान वर खेचलं. उतरला तेव्हा चाकात घाणेरीची फांदी अडकलेली होती. फुलांसकट.

सगळं गाव माळावर. मी काठीखाली. काय करावं? कंदील उतरवला, विझवला, कागद सोलून काढला. आणि इथे माझे संस्कार आडवे आले. आईची शिकवण — उसनं आणलेलं भांडं रिकामं परत करू नये, खरकटं तर नाहीच नाही. वाटीभर साखर आणली तर वाटी घासून, त्यात काहीतरी घालून द्यायची. तसंच त्या घाबऱ्या हातांनी मी काच राखेने लख्ख घासली, वात नीट कापली, काठोकाठ तेल भरलं, पुन्हा टेकडी चढले आणि कंदील जागेवर ठेवून आले. पेटवायची छाती झाली नाही. सगळ्यांचे डोळे टेकडीकडे असणार. किती गुणाची मुलगी!

सकाळी बावाजी, बापू, सगळे वर गेले. मीही गेले, न जाऊन कसं चालेल? कंदील तिथेच. तेल काठोकाठ. काचेवर काजळीचा ठिपका नाही. कोणीही सांगेल — हा दिवा लावलेलाच नाही. बावाजीला दिसला तो कुणाच्या तरी दारचा आकाशकंदील असणार.

"मी लावला होता," चाचा म्हणाले.

बावाजी मवाळ माणूस. म्हणाला, "इस्माईल, भूल थाय. साचू बोल नी." चूक होते माणसाची, खरं सांग, एवढंच.

"लावला होता, साहेब." मग चाचांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मी दिसले. त्यांचा चेहरा केवढा उजळला! "ही पोर दारात होती. माझ्याशी बोलली. विचारा तिला."

बापू म्हणाले, "सांग गं. चाचा वर जाताना पाह्यले का तू?"

मी म्हटलं, "माझं ध्यान रांगोळीत होतं. म्या नाय पाह्यलं."

चाचा भट्टीतली राख चाळताना बघायचे तसे, डोळे बारीक करून, माझ्याकडे बघत राहिले. काम गेलंच. त्याहून वाईट म्हणजे गावाने त्यांच्या शब्दावर हसायला सुरुवात केली. कुणाचं काही हरवलं, की म्हणायचे, "चाचाच्या दिव्यासारखं झालं, लावला बी आन दिसला बी नाय." त्या हसणाऱ्यांत मी होते का? होते. सगळ्यांत मोठ्याने.

दिव्याचं काम बापूंकडे आलं, म्हणजे माझ्याकडे. आणि चाचा आपणहून शिकवायला आले, वर माणूस उडत असतो म्हणून. तीन संध्याकाळी टेकडीवर आम्ही दोघंच. वारा पेठच्या बाजूने आला तर दगड कुठे ठेवायचा, वात किती वर घ्यायची, काडी कशी झाकायची. मध्ये कितीतरी वेळ ते नुसती काच पुसत बसत. घाई कसलीच नव्हती. जीभ माझ्या तोंडातच होती. मी विचारलं ते एवढंच — चाचा, वात तिरकी कापायची की सरळ?

सरळ, ते म्हणाले.

नंतर ते पंचवटीत राहायला गेले, तिथेच वारले. त्यांनी दिवा लावला होता. मी पाहिलं होतं.