बासच्या खोक्यातला ट्विटर

हिंगण्याच्या एका कारखान्यात मी पत्रा कापणाऱ्या प्रेसवर काम करतो, आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतो. दोन्ही कामं मी तरुणपणीच धरली आणि सोडली नाहीत. बाससाठी माझं एक जुनं खोकं होतं. प्लायवूडचं, आत एकच मोठा पंधरा इंची स्पीकर. ते वाजलं की पायाखालची सतरंजी थरथरायची. मला तेवढं पुरे होतं.

मागच्या वर्षी आमचा कीबोर्डवाला नवीन खोकं घेऊन आला. तो माझा कॉलेजपासूनचा मित्र, आणि ऑर्केस्ट्राचा कर्ताधर्ताही तोच. या खोक्यात मोठ्या स्पीकरच्या वर एक छोटा ट्विटर बसवलेला होता, बारीक, टोकदार आवाज काढणारा. तो कमी-जास्त करायचं बटण मागच्या बाजूला होतं. शहरातल्या सदर भागात एका दुकानाच्या माडीवर आम्ही सराव करतो. तिथे मित्राने मला वाजवायला लावलं आणि बटण फिरवलं.

"ऐक. कसा खुलला आवाज."

मला काही खुललेलं वाटलं नाही. मी म्हणालो, "बासले ट्विटर कायले पाहिजे बे? उगाच वजन वाढवलं."

वाद पेटला. तो म्हणे, ट्विटर नसला की बास म्हणजे नुसती घुमघुम, तारेवर बोट पडल्याचं कळतच नाही. मी म्हणे, बोट कळून करायचं काय, सूर कळला पाहिजे. शेवटी ड्रमवाल्याने तोडगा काढला. मी खोक्याकडे पाठ करून वाजवायचं, मित्राने ट्विटर चालू-बंद करायचा, आणि कधी काय ते मी ओळखायचं.

मी वाजवत गेलो आणि सांगत गेलो. आता बंद. अजूनही बंद. मग वळून पाहिलं, तर दोघंही एकमेकांकडे बघत होते.

"पहिल्यापासून पूर्ण चालू हाये," मित्र म्हणाला. "तुले खरंच ऐकू नाही येऊन राहिलं?"

बायको मला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बंद खोलीत कानाला हेडफोन लावून बसवलं, आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ आवाजच येईना. मला वाटलं मशीन बिघडली. बाहेर आल्यावर बाईंनी कागदावरची रेघ दाखवली. खालच्या सुरांपाशी ती सरळ चालत होती आणि वरच्या सुरांकडे एकदम कोसळली होती. प्रेसच्या धडाक्याने गेलं ते परत येणार नाही, त्या म्हणाल्या, पण खालचं सगळं शाबूत आहे, ते सांभाळा.

रिक्षात बायको म्हणाली, "म्हणून तुमाले मोबाईलची रिंग ऐकू येत नाही. मले वाटे, तुम्ही मुद्दाम उचलत नाही."

दुसऱ्या दिवसापासून मी प्रेसवर कानाची टोपणं घालायला लागलो. ती कारखान्याने दिलेलीच होती, पण घालत कोणी नव्हतं. सुपरवायझर म्हणाला, हाक मारली तर ऐकू कशी जाईल? मी म्हटलं, जवळ येऊन सांगा साहेब.

मित्राला कळलं तेव्हा तो फार मायेने बोलला. "आता थोडा आराम कर गा. बास मी कीबोर्डवर डाव्या हाताने काढून घेतो."

तो ओरडला असता तर मला एवढा राग आला नसता.

"माझे कान गेले कुठले? वरचे. बास असते कुठं? खाली. मी बास वाजवतो, बासरी नाही. काहून आराम करू?"

"पण लोकांले काय ऐकू जाते, ते तुले कसं कळंन?"

पुढच्या सरावाला मी बायकोलाच घेऊन गेलो. तिला आमच्या गाण्याबजावण्याचं कधी कौतुक नव्हतं, आणि खोटं बोलायची तिला सवय नाही. तिला समोर बसवलं. मित्राने ट्विटर पूर्ण उघडला. तिने तोंड वाकडं केलं.

"पापड मोडून राहिल्यावाणी वाटते. बोटं खडखड करतात."

मित्राने तो पूर्ण बंद केला.

"आता गोधडीतून वाजवून राहिले."

आम्हा दोघांनाही हे आवडलं नाही. तिनेच उठून बटण अर्ध्याच्या जरा अलीकडे आणलं आणि म्हणाली, "इथं ठेवा." मित्राने ते तिथेच राहू दिलं. भिवापूरच्या कार्यक्रमापुरतं तरी मला ठेवायचं, असं ठरलं.

भिवापूरला लग्नाचं रिसेप्शन होतं, आणि बायकोलाही मी सोबत नेलं होतं. संध्याकाळी मांडव भरला, नाचाची गाणी सुरू झाली, आणि मित्राने मला खुणेने आवाज वाढवायला सांगितला. मी वाढवला. थोड्या वेळाने त्याचा चेहरा बदलला. तो एकदा कानाकडे बोट दाखवी, एकदा माझ्या खोक्याकडे. मला तर सगळं झकास ऐकू येत होतं. समोर नवरीच्या मावश्या रिंगण धरून नाचत होत्या. मी मान डोलावली आणि वाजवत राहिलो.

गाणं संपल्यावर तो धावत आला. "ट्विटर जळला बे. फाटल्यासारखा वाजला अन् मंग गेलाच."

"मावश्या थांबल्या का?"

त्याने वळून पाहिलं. त्या पुढच्या गाण्यासाठी घाई करत होत्या. मी बाकीचा सगळा कार्यक्रम तसाच वाजवला.

परतताना गाडीत मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "नाचाच्या गाण्यात काई फरक नाही पडला. पण त्या सावकाश गाण्यात तुमी कवा सुरू झाले, ते समजलं नाही."

मला ते आवडलं नाही. पण मुद्दाम तिलाच विचारलं होतं.

त्या आठवड्यात मी आणि मित्र खोकं दुरुस्तीला घेऊन गेलो. मेकॅनिकने झाकण उघडलं, जळलेला ट्विटर काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "बासचा बॉक्स हाये. वायर कापून भोक बंद करून टाकू का? चालते तसंही."

मित्र माझ्याकडे बघत होता.

"नवीन लावा," मी म्हणालो. "मले नाही ऐकू येणार. ऐकणाऱ्यांले येते ना."

मित्राने मेकॅनिकला मान हलवून होकार दिला. मग मला म्हणाला, "पुढच्या कार्यक्रमाले वहिनी येतील का?"

"तिले तू विचार. मी तर येऊनच राहिलो."