खळ्याचं पाणी

हे लिहायचं मी टाळत आलो. आधी नोकरी होती म्हणून, मग निवृत्त झालो म्हणून, मग पत्नी आजारी होती म्हणून. ती जाऊनही आता दोन वर्षं झाली. कारणं संपली आहेत आणि नवी शोधायचा कंटाळा आला आहे.

पुंडलिकनगरातल्या माझ्या घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. झाकण वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर काँक्रीटचा एक चौकोनी ठोकळा ठेवला आहे. वितीहून थोडा लहान, पण चांगला जड. बांधकामावर याला क्यूब म्हणतात. काँक्रीट ओतताना त्यातलंच थोडं साच्यात भरून ठेवतात आणि पुढे मशीनखाली दाबून त्याची ताकद पाहतात. हा क्यूब मात्र दाबायचा राहिला. नळाला पाणी येणार असलं की टाकी बघायला मी वर जातो, तेव्हा तो उचलून बाजूला ठेवावा लागतो. बारा वर्षं उचलतो आहे.

तेव्हा मी एका ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर होतो. बिडकीनच्या पलीकडच्या एका गावात आमचं काम चालू होतं. तिथे एक मेंढपाळ माझ्याकडे यायचे. मी त्यांना अरे-तुरे करायचो. आज लिहिताना ते जमत नाही.

पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या हातात एक राखाडी ढेकूळ होतं. साखर कारखान्यामागे चिपाडाची राख टाकतात, तिथे ते उसाचे वाढे खायला मेंढरं नेत. राखेशेजारीच कारखान्याचा वाया गेलेला चुना पडलेला असे.

"साहेब, राख अन् चुना एकजागी भिजलं ना, तिथं मेंढराचा खूर रुतत नाय. दगडच झालाय. हे कसं काय?"

मला कारण माहीत होतं, कारण ते पुस्तकात होतं. त्यांनी ते मेंढरांच्या पायावरून ओळखलं होतं. मी त्यांना शिकवायला लागलो. राख बारीक चाळायची, सिमेंट थोडं कमी करून तिथे ती घालायची. पाडलेल्या बांधकामाचे तुकडे फोडले की खडी होते. आणि एक गोष्ट मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितली, की राखेचं काँक्रीट सावकाश पिकतं, त्याला साध्यापेक्षा जास्त दिवस पाणी लागतं.

त्यांनी हाताने दाबायचं एक यंत्र आणलं आणि घरामागे राखेच्या विटा पाडायला लागले. गावात सामाईक खळं करायचं ठरलं, मका आणि सोयाबीन वाळवायला, तेव्हा ते घरोघर फिरले. जुनं समाजमंदिर पाडलं होतं, त्याच्या स्लॅबची खडी करू, कारखान्याची राख घालू, असं त्यांनी सगळ्यांना पटवलं. काम ठेकेदाराकडे आलं आणि ठेकेदाराने माझ्याकडे दिलं. मीही सरपंचांना म्हणालो, "बिनधास्त करा, मी आहे."

खळं ओतलं एप्रिलच्या शेवटी. पाणी साठून राहावं म्हणून त्यावर मातीचे वाफे केले आणि रोज एक टँकर पाणी सोडायचं ठरलं. त्याच आठवड्यात माझ्या मुलीचा साखरपुडा होता. नळाला दहा दिवस पाणी नव्हतं, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि व्याह्यांसमोर मला बादल्या मोजायच्या नव्हत्या. मी ड्रायव्हरला म्हणालो, आजचा टँकर घरी रिकामा कर. दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू बादली घेऊन आल्या. "तुमच्या व्याह्यांच्या कृपेने आमची पण आंघोळ होऊ द्या हो!" सगळे हसले. मला ते आवडलं. गल्लीने मला इतका मान कधी दिला नव्हता. टँकर येतच राहिला, साखरपुडा होऊन गेल्यावरही.

खळ्याला पाणी मिळालं ते जेमतेम सहा दिवस. नवव्या दिवशी मी साइटवर गेलो, तर मेंढपाळ आणि त्यांची बायको वाळलेल्या वाफ्यांवर बारदानं अंथरत होते. शेजारी दोन घागरी आणि एक कॅन होता. त्यांच्या मेंढरांच्या हौदातलं पाणी.

"साहेब, टँकर का येईना? तुम्हीच म्हणले होते ना, राखेला लई दिवस पाणी लागतं?"

मी म्हणालो, "अरे, यात सिमेंटही आहे ना? आता बास झालं. जनावरांना पाज ते पाणी, उगाच हाल करू नको त्यांचे."

बाई बारदान तसंच हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मेंढपाळांनी मात्र परत न्यायला घागर उचलली. मी मेंढरांची काळजी केली याचं त्यांना बरं वाटलं असावं.

हंगामात पहिला मका वाळत घातला आणि खळ्याचे पापुद्रे सुटायला लागले. भेगा पडल्या, मक्यात कच मिसळली, व्यापाऱ्याने पोती परत केली. पारावर बैठक झाली. ठेकेदार माझ्याकडे बघत होता, सरपंच माझ्याकडे बघत होते. त्याआधीच खळ्याचे क्यूब दाबून झाले होते. ते साइटवरच्या टिपाडात, पाण्यात बुडवून ठेवले होते. तेच काँक्रीट, तीच राख, फक्त पाणी भरपूर. हवी होती त्याहून जास्त ताकद भरली होती. त्या चाचणीचा कागद माझ्या खिशात होता.

मी म्हणालो, "राखेत कोळसा राहिला होता. राख खराब निघाली."

कुणीतरी मागून बोललं, "मेंढरं वळणाऱ्यानं इंजिनेरी केली की असंच व्हतं!" दुसरा म्हणाला, "आता मका चाळायला रेतीची चाळणी आणा." हशा झाला. मेंढपाळ खाली बसले होते. मान वर करून त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग आपल्याच पायांकडे पाहत राहिले.

खळ्यावर नुसत्या सिमेंटचा नवा थर दिला. त्याला मी पंधरा दिवस पाणी मारायला लावलं. त्यांच्या विटा मात्र पुन्हा कुणी घेतल्या नाहीत. यंत्र गेलं, ते मेंढरांकडे आणि मजुरीकडे परत गेले. टिपाडात एक क्यूब उरला होता, तो मी घरी आणला. का आणला ते तेव्हाही मला नीट सांगता आलं नसतं.

मागच्या वर्षी तो क्यूब आणि तो कागद एका कापडी पिशवीत घालून मी बसने त्यांच्या गावी गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही. मेंढरांच्या वाड्याची भिंत त्या न विकलेल्या विटांची होती. मी हात फिरवून पाहिला. एकही कपचा निघालेला नव्हता.

"या साहेब, या! लई दिसांनी वाट चुकले." ते थकले होते, खोकत होते. चहा आला. मी शब्द जुळवत होतो, तोवर तेच बोलले.

"साहेब, एक बोलायचं राहून गेलं व्हतं. माझ्या राखेपायी तुमचं नाव खराब झालं. तुम्ही भल्यापोटी शिकवलं अन् मी कोळशाची राख आणली. मनात धरू नका."

दारातून बाई म्हणाली, "राखेला काय धाड भरली व्हती? पाणी पडलं नाय त्याला. मी तवाच म्हणलं व्हतं."

"गप गं. तुला जास्त कळतं का साहेबापेक्षा?"

माझ्यावरची नजर तिने हटवली नाही. मी कपात बघत बसलो. चहा संपल्यावरही बघत होतो. मग म्हणालो, "जाऊ द्या भाऊ, जुनं झालं." म्हणजे मी त्यांना माफ केलं.

निघताना त्यांनी माझी पिशवी उचलली. मी नको नको म्हणत होतो. "असू द्या हो. आरं बापरे, लई जड हाय! दगड भरलेत का काय?" थांब्यापर्यंत ती त्यांनीच आणली, दोनदा खांदा बदलून. बस आल्यावर वर चढून ती माझ्या पायाशी नीट ठेवली, कलंडू नये म्हणून सीटला टेकवली, आणि खाली उतरून हात जोडले. बस सुटली.

थंडीत ते गेले. टँकरच्या त्या ड्रायव्हरने फोन करून सांगितलं.

बसमध्ये ते पिशवी ठेवायला वाकले होते, तेव्हा त्यांचा कान माझ्या तोंडापासून हातभरही लांब नव्हता. बोलायचं होतं ते फार नव्हतं. भाऊ, तुमची राख चांगली होती. पाणी मी तोडलं. मला माफ करा.