लिंबू चिरडलं आणि भिंत आली

नवऱ्याने आमच्या जुन्या छोट्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन टाकून आणलं. मुलुंडला बिल्डिंगखाली सासूबाईंनी नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मी बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसले. ह्याने नुसता पाय ठेवला तर गाडी लिंबू चिरडून अशी सुटली की गेटची भिंत एकदम काचेसमोरच आली. करकचून ब्रेक दाबला तरी घसरत गेली, भिंतीला टेकता टेकता थांबली. मी ह्याला विचारलं,

"ब्रेक पण मोठे टाकलेस ना रे?"

"जुनेच आहेत. ते नंतर बघू ना."

मी बाळाला छातीशी धरून उतरले.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, पूजेच्या गाडीतून असं उतरू नये."

"मग तुम्ही बसा, आई."

त्यांनी भिंतीकडे बघितलं आणि बाळाला माझ्याकडून घेतलं.