शेरा : घरी भेटले नाहीत

काय सांगायचं तुम्हाला, माणसानं संशयी असावं, पण माझ्याइतकं नाही! हसू नका आत्ताच. आधी चहा घ्या, मग माझी फजिती ऐका.

दारूबंदी जोरात होती तेव्हाची गोष्ट. मी ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून. कल्याणला सरकारनं एक केंद्र काढलेलं. दिवसा फिटर-वायरमनचं काम शिकवायचे आणि संध्याकाळी त्याच मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला. चालवणारे गोगटे मास्तर. वर्षभरानं त्यांनी यादी पाठवली : बारा जण शिकले आणि बाराही जण नोकरीला लागले.

बाराच्या बारा? अहो, आमच्या कचेरीत नोकरी असलेले बारा जण होते, त्यातले चार काम करायचे!

मी साहेबांना म्हटलं, "साहेब, यादी बनावट आहे."

"कशावरून?"

"अक्षर फार सुंदर आहे."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "असं करा, घरोघरी जाऊन चौकशी करा. पुढचा वर्ग भरवायचा की केंद्राला कुलूप लावायचं, ते तुमच्या अहवालावर ठरवू."

झालं! मी लगेच निघालो. सोमवारी अकराला मस्टरवर सही केली आणि थेट डोंबिवली गाठली. पहिल्याच दाराला कुलूप! शेजारी एक अण्णा पेपर वाचत बसलेले.

"हा इथे राहणारा काय करतो हो?"

अण्णांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो. नोकरी आहे म्हणतो बुवा. आम्ही काही पाहिली नाही."

डबा! दारूबंदीच्या दिवसांत डब्यातून काय काय जायचं, तुम्हाला वेगळं सांगायला हवं का?

दुसऱ्या घरी गेलो, कुलूप. तिसऱ्या घरी एका बाईनं फटीतून पाहिलं आणि दार आपटलं. चौथ्या घरी परत कुलूप. आठवडाभर हेच. काही घरी तर मी दोन-दोनदा गेलो. मी अकरा नावांपुढे एकच शेरा मारला : 'घरी भेटले नाहीत. शेजारी उडवाउडवी करतात. नाव बोगस असावे.'

राहिला ठाकुर्लीचा बळीराम. त्याची आई दारात सुकट निवडत होती. मला पाहताच ती कडाडली, "कनाला आलास रं? दारूबंदीवाला काय? आमचे घरान काय नाय!"

"नाही हो, केंद्राच्या चौकशीला आलोय."

म्हातारीचा चेहरा एकदम उजळला. "मंग बस रं बाबा, बस!"

"बळीराम कुठाय?"

"निजलाय."

सकाळचे साडेअकरा, आणि निजलाय!

"वीजघरान लागलाय तो. रातपाळी हाय त्याची," म्हातारी म्हणाली.

रातपाळी! सबब तरी काय शोधलीय, म्हटलं मनात. एवढ्यात तिनं माझ्यापुढे ताडगोळे ठेवले आणि हळूच विचारलं, "पुढचे वर्गाला माझे जावयाला घेशील काय रं? मिठागराव राबून पाय फुटलं त्याचं."

लाच! मी ताडकन उठलो. ताडगोळ्यांना हात लावला नाही आणि बाहेर येऊन शेरा लिहिला : 'दिवसा झोपतो. आई लाच देते.'

अहवाल तयार! अकरा बोगस, एक ऐतखाऊ. केंद्राला कुलूप लावावे.

साहेबांनी मास्तरांना बोलावून घेतलं. बारीक अंगाचा माणूस, कोटाच्या कोपराला ठिगळ. त्यांनी अहवाल शांतपणे वाचला. मला वाटलं, आता पाय धरणार.

"आपण चौकशीला केव्हा गेलात?" त्यांनी विचारलं.

"अकरा ते पाच. कचेरीच्या वेळेत," मी ऐटीत म्हणालो.

"रविवारी नाही गेलात?"

"वा! रविवारी मला सुट्टी असते."

"त्यांनाही असते," मास्तर म्हणाले.

साहेबांनी टाक खाली ठेवला. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळच लागला. नोकरीला लागलेला माणूस भरदुपारी घरी कसा सापडेल? आणि रातपाळीवाला तेव्हा झोपणार नाही तर काय करेल? त्या म्हातारीच्या जावयाचे फुटलेले पाय आठवले आणि मला खरंच लाज वाटली.

तरी मी चिवटपणे म्हणालो, "पण शेजारीसुद्धा संशयानं बोलत होते!"

"शेजारी ना?" मास्तर म्हणाले. "तुमची चौकशी चाललीय हे कानावर आलं, म्हणून परवा दुपारी मी तुमच्याच घरी आलो होतो, नौपाड्यात. दाराला कुलूप."

"मंडळी माहेरी गेलीय."

"असेल. शेजारच्या काकू म्हणाल्या, रोज पिशवी घेऊन बाहेर पडतात. नोकरी आहे म्हणतात बुवा. आम्ही काही पाहिली नाही!"

साहेब इतके हसले की शिपाई आत डोकावला.

पुढच्या रविवारी मी पुन्हा सगळीकडे फिरलो. बाराही जण भेटले, बाराही जण नोकरीत. ठाकुर्लीला ताडगोळे मागून खाल्ले. पुढे यथावकाश नवा वर्गही भरला आणि त्यात पहिलं नाव म्हातारीच्या जावयाचं.

पण त्याआधी, त्या रविवारनंतरच्या सोमवारी, मी नवा अहवाल साहेबांपुढे ठेवला. त्यांनी सही केली आणि यादीत तेरावं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं. माझं! पुढे शेरा : 'घरी भेटले नाहीत. शेजारी उडवाउडवी करतात. नाव बोगस असावे.'