टिकलीची वाकड्या शेपटीची पिल्लं

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसण्यासाठी. आमच्या घरात अंगारे-धुपारे कधी आलेच नाहीत. जालन्याहून इकडे आलेले माझे वडील पक्के आंबेडकरी. कुणी भूतबित म्हणालं की एकच विचारायचे, "तू स्वतः पाहिलंस का?" आता मी स्वतः पाहिलंय... आणि विचारायला ते नाहीत.

मी वंदना. भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये राहते. केबिन रोडवरच्या एका छोट्या सेंटरमध्ये एक्स-रे टेक्निशियन आहे. बावीस वर्षं लोकांची हाडं बघतेय. आमच्या कामाचा एक नियम आहे — टेक्निशियनने फोटो काढायचा, बोलायचं नाही. काय मोडलंय ते डॉक्टर लिहितील. पेशंटने कितीही विचारलं तरी आमचं उत्तर ठरलेलं, "रिपोर्टमध्ये येईल." या वाक्यामागे मी किती लपले ते पुढे कळेलच.

माझी धाकटी बहीण सुजाता, आमची सुजू, तेव्हा मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहायची. तिचा नवरा प्रवीण चारचौघांत इतका गोड, की सोसायटीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण द्यायच्या. मला ताई-ताई करत रिक्षापर्यंत सोडायला यायचा.

दोन वर्षांपूर्वी सुजू डाव्या हाताची करंगळी धरून सेंटरला आली. "बाथरूममध्ये पडले गं." मी फोटो काढला. पडून मोडलेलं हाड वेगळं दिसतं आणि कुणी पिळून मोडलेलं वेगळं. हे पिळलेलं होतं. मला स्क्रीनवर दिसत होतं, आणि मला दिसतंय हे सुजूला कळत होतं. मी म्हटलं, "रिपोर्टमध्ये येईल." रिपोर्टमध्ये नुसतं 'फ्रॅक्चर' आलं.

सुजूकडे टिकली नावाची मांजर होती, कपाळावर काळा ठिपका असलेली. महिन्याभराने ती बाल्कनीतल्या खोक्यात व्यायली. तीन पिल्लं, आणि तिघांच्याही शेपटीचा शेंडा वाकडा. मी बघायला गेले तेव्हा शेजारीण हळहळत होती, "अरे भाभी, किसी ने दरवाज़े में दबा दी होगी बेचारों की." माझी नजर सरळ प्रवीणकडे गेली. तेवढ्यात भाईंदर गावातली मासेवाली मावशी दारात पाटी टेकवून आत आली. एका पिल्लाच्या शेपटीवरून बोट फिरवून म्हणाली, "मोडलेली न्हाय, बाय. पोटातनंच तशी आलीय." मग सुजूच्या प्लॅस्टरकडे बघत राहिली. "तुजी मात्र मोडलेली हाय." प्रवीण हसला आणि पापलेटचा भाव विचारू लागला.

सहा-सात महिन्यांनी मनगट. या वेळी कपडे बदलायच्या खोलीत सुजूने मला सगळं सांगितलं. दार उघडायला उशीर झाला म्हणून त्याने आधी तिचं डोकं दारावर आपटलं, मग हात धरून कडकन आवाज येईपर्यंत पिळला. मोडल्यावरही सोडला नाही. केसांच्या मुळाशी रक्त सुकलेलं होतं. मी म्हटलं, "चल माझ्याकडे, आत्ताच्या आत्ता." ती म्हणाली, "टिकलीचे दिवस भरलेत, ताई. तिला अशी टाकून कशी येऊ?" बाहेर पुढचा पेशंट थांबला होता. मी "बघ बाई" म्हणाले आणि कामाला लागले. त्या 'बघ बाई'ची मला आजही लाज वाटते.

टिकलीला पुन्हा तीन पिल्लं झाली. या खेपेला शेपटी शेंड्याशी नाही, अगदी बुडाशी वाकलेली. तिघांचीही.

माझं डोकं फिरलं. सुजूची करंगळी मोडली तेव्हा शेंडा, मनगट मोडलं तेव्हा बूड; योगायोग असेल तर मोजून बघू म्हणून एका पिल्लाला पिशवीत घालून सेंटरला नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोटो काढला. आमचे डॉक्टर आधी पोटभर हसले, मग नीट बघून म्हणाले, "हे फ्रॅक्चर नाही. मणकेच असे घडलेत. जन्मजात." ते गेल्यावर मी कोन मोजला. बत्तीस अंश. मग सुजूचा प्लॅस्टरच्या आधीचा फोटो उघडला आणि मनगटाचा कोन मोजला.

बत्तीस.

मला भीती वाटली. भुताची नाही. आधी शेंडा, मग बूड... शेपटीच्या पुढे कणाच असतो. पुढच्या वेळी सुजू माझ्या टेबलापर्यंत चालत येणार नाही, असं मला पक्कं वाटलं.

पुढच्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास मी पूनम सागरला पोचले. प्रवीण बाहेर गेला होता. सुजूचे कपडे आणि कागदपत्रं एका बॅगेत भरली, पिल्लांचं खोकं दाराशी आणलं. तेवढ्यात तो आला. बॅग बघितली, मग मला बघून हसला. "ताई, चहा घेतल्याशिवाय नाही जायचं हं." आणि मागे हात नेऊन कडी लावली.

पहिला फटका मला बसला. उलट्या हाताचा. ओठ फाटला, रक्ताची चव आली, मी शूरॅकवर पडले. सुजू मध्ये आली तर त्याने तिचे केस मुठीत धरून तिला फरपटत ओट्यापाशी नेलं आणि तिचं तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं. एकदा... दोनदा. दात फरशीवर पडला, तो मी बघितला. प्रवीणच्या तोंडी शिवी नाही की आरडाओरडा नाही. रोजचं काम उरकावं तसं चाललं होतं त्याचं. मी पाठीमागून त्याच्या शर्टाला लटकले, तर त्याने कोपर माझ्या छातीत घातलं. टिकली त्याच्या पोटरीवर झेपावली. त्याने तिला लाथेने भिंतीवर उडवलं.

मग खोक्यातलं एक पिल्लू शेपटीने उचललं. बरोबर वाकलं होतं तिथे धरून. सुजूकडे बघत म्हणाला, "ह्यांच्यासाठी थांबली होतीस ना? बघ आता." आणि शेपटी पिळली.

कडकन आवाज आला. बावीस वर्षं मी मोडलेली हाडं बघत आलेय, पण आवाज तो पहिलाच. मी डोळे मिटले नव्हते. मी त्याच्यापासून दोन हात लांब होते, सुजू ओट्याखाली. त्याला कुणीही हात लावला नव्हता. पिल्लू खाली पडलं आणि सरपटत टिकलीकडे गेलं, चांगलं धडधाकट. प्रवीण गुडघ्यावर बसून उजवं मनगट धरून किंचाळत होता. हात वाकडा झाला होता.

शेजाऱ्यांनी दार तोडलं. कुणीतरी दोन रिक्षा आणल्या. सुजूला थेट हॉस्पिटलला पाठवलं, आणि याला केबिन रोडला आणलं... मीच आणलं. का ते विचारू नका. ओरडणारा माणूस दिसला की पाय सेंटरकडे वळतात.

ड्युटीवरच्या मुलीला बाजूला करून मी स्वतः त्याचा हात प्लेटवर ठेवला. तो कुजबुजला, "ताई, बाथरूममध्ये पडलो म्हणून सांगा."

स्क्रीनवर फोटो आला. हाडाला चीर नाही, सूज नाही. दोन हाडं मुळातच वाकडी घडल्यासारखी एकमेकांत मिसळलेली. डॉक्टरांनी चष्मा वर केला. "हे आज झालेलं नाही. हे जन्मजात आहे."

मी कोन मोजला. किती आला ते तुम्हाला सांगायला नको.

सुजू आता माझ्याकडे असते. तक्रार दिली आहे, केस चालू आहे. करंगळी आणि मनगट कसं मोडलं असणार ते या वेळी मी माझ्या सहीने लिहून दिलं. टिकली एका पायाने लंगडते, पण इंद्रलोकला आल्यावर एकदा व्यायली. चार पिल्लं, चौघांच्या शेपट्या सरळ. लग्नाच्या अल्बममध्ये हार घालताना प्रवीणचा उजवा हात आहे, तोही सरळ. मी भिंग लावून बघितलाय.

त्या दिवशी डॉक्टर बाहेर गेल्यावर तो रडायला लागला होता. "ताई, माझा हात असा नव्हता. तुम्हाला माहितीये, असा नव्हता. सांगा ना त्यांना. काय झालं हे?"

माझ्या ओठातून अजून रक्त येत होतं. मी स्क्रीन बंद केली आणि म्हटलं, "रिपोर्टमध्ये येईल."

नाही आलं. अजून कुठल्याच रिपोर्टमध्ये आलेलं नाही.