बाप न सांगितलेलं शिंगरू

आमच्या घरच्या वाटण्या झाल्या तेव्हा दावणीला दोन घोड्या होत्या, एकाच आईच्या. मी थोरला, म्हणून काकांनी आधी मला निवडायला सांगितलं. मी कुमेत घोडी घेतली. दिसायला साधी, काळपट तांबडी, अंगावर कुठे पांढरा केस नाही. पण तिचे पाय लांब आणि सरळ होते आणि मी पायच पाहिले. चुलत भावाच्या वाट्याला धाकटी आली. तिचे चारी पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा टिळा. असल्या घोडीला पंचकल्याणी म्हणतात आणि ती घरात असणं भाग्याचं मानतात.

भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तो हसून म्हणाला, "दादा, तुले ते आवडली ना? मंग घे."

त्याच्या या हसण्याचा मला पुढे फार त्रास झाला.

आमचं गाव दर्यापूरच्या अलीकडे. दूर अमेरिकेत लढाई जुंपली आणि आमच्या कापसाला विलायतेहून अशी मागणी आली, की लोकांनी ज्वारीच्या वावरातही सरकी टोबली. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. भाऊ नवा फेटा बांधून पंचकल्याणीवरून बाजाराला निघाला की बायका दारात येऊन पाहत. मी मागून कुमेत घोडीवर असे. माझ्याकडे कोणी पाहत नसे असं नाही, पण आधी नजर त्याच्याकडे जाई आणि मग माझ्याकडे. एवढं अंतरही मला खुपत असे.

त्याच दिवसांत अमरावतीच्या एका कापूसवाल्या शेटजींनी मुंबईहून एक विलायती घोडा आणला. मुंबईच्या शर्यतीत त्याच्या पुढे जाणारा घोडा उरला नव्हता असं सांगत. पुढच्या पायाची शीर दुखावली म्हणून त्याची धाव बंद झाली होती. शेटजींना त्याची वीण वऱ्हाडात वाढवायची होती. त्यांनी गावोगाव सांगावा धाडला: चांगल्या घोड्या घेऊन या, मी पारखून घेईन, निवडक घोड्यांनाच माझा घोडा दाखवीन.

आम्ही दोघे मिळूनच गेलो. बडनेऱ्याच्या रस्त्याला शेटजींचं आवार होतं, नवा कौलारू तबेला होता. घोडा बाहेर काढला तेव्हा जमलेली माणसं दोन पावलं मागे सरली. तांब्यासारखा रंग, पातळ कातडी, आतल्या शिरा मोजाव्यात अशा दिसणाऱ्या. तो लंगडत होता, तरी मान अशी धरून उभा होता की जणू त्यालाच आम्हाला पारखायचं होतं. त्याच्यासोबत मुंबईहून आलेला म्हातारा सईस त्याच्या नाकावर हात ठेवून उभा होता.

शेटजी पंचकल्याणीभोवती एकदा फिरले आणि म्हणाले, "ही पहिली." मग माझ्या घोडीपाशी आले. तिची आयाळ उचलली. मानेवर केसांचा एक लांब वाकडा भोवरा होता. घोडेवाले त्याला सापीण म्हणतात आणि अशुभ मानतात. शेटजींनी हात झटकला.

"सापीण आहे हिला. ही घोडी माझ्या आवारातसुद्धा नको."

मागे कोणीतरी हसलं. तेवढ्यात भाऊ पुढे झाला. "शेटजी, या दोघी सख्ख्या बहिणी हायेत. माही घेतली त दादाची बी घ्या ना."

शेटजींनी नकाराची मान हलवली. मला अपमानापेक्षा भावाची ती रदबदली जास्त लागली. माझ्यासाठी त्याने हात जोडावेत आणि चार गावच्या लोकांनी ते पाहावं!

परत निघताना तो म्हणाला, "तू म्हणशीन त मी बी नाई दाखवत, दादा."

"कावून? मी काय तुह्या वाईटावर हाओ? दाखव ना."

फाटकापाशी तो पाणी प्यायला थांबला. तेव्हा म्हातारा सईस माझ्या घोडीजवळ आला. त्याने वाकून तिच्या चारी पायांवरून हात फिरवला, छातीची रुंदी वितीने मोजली आणि हळूच म्हणाला, "मियां, सेठ रंग देखता है, भंवरा देखता है. टांगें किसी ने नहीं देखीं. मेरे घोडे का एक बच्चा तो असल निकलना चाहिए."

बाजाराच्या दिवशी दुपारी शेटजी कापसाच्या गाड्यांत अडकलेले असतात, एवढं त्याने सांगितलं. घोडी माजावर आली तशी पुढच्या बाजाराला भर उन्हात मी मागच्या कुंपणाने तिला आत नेली. सगळं आटोपायला फार वेळ लागला नाही. निघताना सईसाने माझ्याकडून वचन घेतलं, की मी हे कोणाला बोलणार नाही. बोललो असतो तर त्याची भाकर गेली असती.

पुढच्या वर्षी भावाच्या घोडीला शिंगरू झालं, मादी. आईसारखेच चारी पाय पांढरे, बापासारखी तांबूस झळाळी. शेटजी स्वतः दमणीतून आले आणि शिंगराच्या गळ्यात माळ घालून गेले. गावात साखर वाटली. आठ दिवसांनी माझी घोडी व्याली. नर होता. आईसारखा काळपट, पांढरा केस नसलेला, नुसते पाय दिसावेत असा.

"बाप कोण याचा?" लोकांनी विचारलं.

"परतवाड्याच्या छावणीतला होता एक गावठी," मी म्हणालो.

लोक बरं म्हणून निघून गेले. भाऊ तेवढा थांबला. माझ्या घोडीसाठी त्याने घरून गूळ आणि मेथ्या आणल्या होत्या. शिंगराच्या पाठीवर हात फिरवून म्हणाला, "भल्ला लांब पायाचा हाय, दादा." दोन्ही शिंगरं एकाच बापाची होती आणि हे मला माहीत होतं. तरी त्याच्या दारात माणसं येत आणि माझ्या दारात येत नसत, हे मला सोसवत नव्हतं. सकाळी उठलो की आधी त्याच्या गोठ्याकडे नजर जाई. एकदा त्याच्या शिंगराला पोटशूळ झाला असं ऐकलं आणि माझ्या मनात जे आलं ते मी बायकोलाही सांगितलं नाही. तिला ते तोंडावरून कळलं असावं. ती म्हणाली, "घोडी तुमीच निवडली व्हती. त्याच्यावर कावून जळून राहिले?"

शिंगरं चार वर्षांची झाली तोवर लढाई संपली होती आणि कापूस पडला होता. तरी लोकांची हौस गेली नव्हती. त्या साली अकोल्याला मोर्णेकाठच्या माळावर घोड्यांची शर्यत ठरली. भाऊ पंचकल्याणीच्या पोरीवर बसणार होता. शेटजी तिला पाहायला अमरावतीहून मुद्दाम आले होते. मी माझा काळपट घोडा घेऊन गेलो. कोणी ओळखही विचारली नाही.

सहा घोडे होते. अर्ध्या माळापर्यंत भाऊ पुढे होता. मी त्याच्या मागे राहून त्याच्या घोडीच्या पांढऱ्या पायांनी उडवलेली माती खात होतो. मग मी लगाम सैल सोडला. माझ्या घोड्याने मान लांब केली आणि खालची जमीन जणू आपणहून मागे सरकू लागली. भावाच्या बाजूने जाताना मी पुढे पाहायला हवं होतं. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो जीव तोडून घोडीला पुकारत होता. मला वाटलं, हे तोंड आपण जन्मभर लक्षात ठेवावं. ते राहिलंही, पण मला हवं होतं तसं नाही.

मी दहा हात पुढे निघालो. लोकांनी मला उचलून घेतलं. "गावठी घोड्यानं विलायती रक्त हरवलं!" असा एकच गलबला झाला. शेटजींचं तोंड काळं पडलं. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "या मातीत ते रक्त उतरत नाही. उगीच आणला." भावाने माझ्या घोड्याची मान थोपटली, मला "जिंकला, दादा" म्हणाला आणि आपल्या घोडीला थंड करायला नदीकडे घेऊन गेला. तिच्या आयाळीत तोंड घालून तो बराच वेळ उभा होता.

त्या दिवसानंतर शेटजींच्या घोड्याला कोणी घोडी दाखवायला नेली नाही. शेटजींचाही पसारा आवरत आला होता. घोडा विकायला निघाला तेव्हा म्हातारा सईस चालत आमच्या गावी आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "मियां, अब बोल दो. मैं तो अपने मुल्क जा रहा हूं, मेरी फिकर मत करो. उसका बच्चा जीता है, उसी के बच्चे से उसका नाम डूब गया. एक बार बोल दो."

मी त्याला होय म्हणालो. आणि बोललो नाही.

वेळ नव्हता असं नाही. पण बोललो असतो तर जिंकलेला घोडा शेटजींच्या घोड्याचा ठरला असता, आणि हरलेली घोडी त्याचीच बहीण. भावाची मान पुन्हा वर झाली असती. ती खाली असलेली मला काही दिवस तरी हवी होती.

घोडा एका शिग्रामवाल्याने घेतला. मूर्तिजापूरच्या रस्त्याला प्रवाशांच्या गाडीला तो जुंपलेला मी एकदा पाहिला. बरगड्या वर आलेल्या, दुखऱ्या पायाचा गुडघा सुजलेला. टप्प्यावर पाणी पाजत होते. मी डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला आणि माझा घोडा दुसऱ्या बाजूने काढला.

माझ्या घोड्याचं नाव मात्र झालं. दर्यापूरपासून परतवाड्यापर्यंतचे लोक घोड्या घेऊन येऊ लागले. त्याच्या शिंगरांचे पाय दुरून ओळखू येत. मला वाटलं होतं की आता भावाचं काही वाटणार नाही. पण तो शेतात राबे, संध्याकाळी बायकापोरांत हसे, त्या हरलेल्या घोडीला स्वतःच्या हाताने चारा घाली. आणि मला वाटे, हा हरूनही असा कसा राहतो?

एका सकाळी तो तीच घोडी घेऊन माझ्या दारी आला.

"दादा, माजावर आली हाय. तुह्या घोड्याले दाखवून दे. त्याच्यासारखं एखादं शिंगरू माह्या बी दारात खेळू दे."

मी म्हणालो, "आज नको."

"कावून?"

"घोडा थकला हाय."

"मंग उद्या येतो."

"उद्या बी नको."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "गावागावच्या घोड्या येऊन राहिल्या अन् माह्यीच नको? म्या काय केलं तुहं, दादा?"

आता दोनच वाटा होत्या. एका बापाची भावंडं एकत्र लावायची, जे पाप आमच्या घरात कोणी केलं नव्हतं, किंवा तोंड उघडायचं. मी तोंड उघडलं. बाजाराचा दिवस, मागचं कुंपण, सईस, वचन, पुढे त्याचं ओट्यावर येऊन विनवणं, सगळं सांगितलं. तो घोडीच्या मानेवर हात ठेवून ऐकत होता. मला वाटलं तो शर्यतीचं काढील.

तो म्हणाला, "म्हणजे सईस येऊन गेला, अन् तरी तुनं त्या बुढ्या घोड्याले शिग्रामाले जुपू देलं?"

तो घोडी घेऊन निघून गेला.

दुसऱ्याच दिवशी तो मूर्तिजापूरला गेला होता, हे मला मागाहून समजलं. घोडा परत आणायचा त्याचा विचार होता. शिग्रामवाल्याने सांगितलं, की तो आधीच्या उन्हाळ्यात रस्त्यातच बसला आणि उठला नाही. भाऊ तसाच परत आला आणि दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

मग कापूस घेऊन तो अकोल्याला गेला आणि बाजारात, जिथे माझा जयजयकार झाला होता तिथल्याच लोकांना, त्याने सांगितलं की दादाचा घोडा त्या विलायती घोड्याचाच पोरगा आहे. इतके दिवस हे लपून का राहिलं, असं कोणी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सईसानं दादाले शपथ घातली व्हती. थो मुलुखाले गेला, मंग दादानं सांगतलं." एवढंच. माझ्यावर त्याने काहीच येऊ दिलं नाही.

तेव्हापासून लोक आमच्या घोड्यांना त्या विलायती घोड्याची वीण म्हणतात. भावाच्या घोडीकडेही माणसं पुन्हा येऊ लागली. तिला त्याने एलिचपूरकडच्या एका चांगल्या घोड्याला दाखवलं आणि तिची शिंगरं देखणी निघाली, धावायलाही कमी नव्हती. आमचं बोलणं सुरू झालं. तो पूर्वीसारखाच दादा म्हणतो, हसतो.

परवा परतवाड्याचा एक म्हातारा घोडेवाला माझ्या ओट्यावर बसून सांगत होता, "तुमचा भाऊ मोठ्या मनाचा. स्वतःची हरलेली घोडी विसरला अन् तुमच्या घोड्याचं कूळ साऱ्या बाजाराले सांगत सुटला." मी हो म्हणालो. खरंच होतं ते. पण तो माणूस उठून जाईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. खरं सांगून टाकण्याचं हे मोठेपण माझ्या हातात किती वर्षं नुसतं पडून होतं, आणि तेही शेवटी त्याच्याच वाट्याला गेलं.