चिमण्यांच्या घरावरचा पत्रा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. उद्या त्यांना सांगणार आहे. त्याआधी एकदा तुम्हाला सांगतो — शब्द तोंडातून बाहेर तरी पडतात का, ते बघू द्या.

जालन्यात माझं लोखंडी कपाटांचं वर्कशॉप आहे. पत्रा कापायचा, वाकवायचा, रंगवायचा — उभी हयात त्यातच गेली. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या तोंडाशी, हात रिकामे होते म्हणून, पॅकिंगच्या फळ्यांची चिमण्यांसाठी दोन घरं केली. साधीच. चार बाजू, तळ, पुढे चिमणी शिरेल एवढं गोल भोक. छपरालाही फळीच टाकणार होतो. पण कपाटांचा उरलेला पत्रा समोर पडलेला, आणि मी पडलो पत्र्याचा माणूस! दोन्ही घरांवर पत्रा बसवला, वरून लाल ऑइलपेंट. काय ऐट होती म्हणून सांगू.

एक आमच्या बागेत, लिंबाजवळच्या भिंतीवर लावलं. दुसरं केदारखेड्याला वहिनींना दिलं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आई लवकर गेली, मला त्यांनीच वाढवलं. त्यांना स्वतःला मूल झालं नाही. गावात त्याचं काय होतं, तुम्हाला वेगळं सांगायला नको. वहिनी दिसल्या की एखादी बाई कडेवरचं लेकरू पदराआड करायची. वहिनी ते हसण्यावारी न्यायच्या.

चिमण्या दोन्हीकडे आल्या. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी कपाटाआधी चिमण्यांचं कौतुक ऐकवायचो.

मग ऊन तापलं. एका दुपारी जेवायला घरी आलो तर बागेत चिवचिव नाही. स्टुलावर चढून छपराला हात लावला — चटका बसला. स्क्रू काढले. आत पिल्लं मरून पडली होती, चोची उघड्याच. पत्रा किती तापतो हे मला कोणी शिकवायला हवं होतं का? बायको आत झोपली होती. पिल्लं लिंबाखाली पुरली आणि ती उठल्यावर सांगितलं — उडाली.

एवढंच असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता.

त्याच संध्याकाळी वहिनींचा फोन आला. त्यांच्याकडे अंड्यांतून पिल्लं बाहेर आली होती. इतक्या खुशीत मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. गल्लीतल्या बायका बघून गेल्या, आमच्या भाऊजींनी केलंय म्हणून सगळ्यांना सांगितलं, असं बरंच काही बोलत होत्या. मग विचारलं, तुमच्याकडची कशी आहेत? एक वाक्य पुरलं असतं — वहिनी, पत्र्यावर ओलं पोतं टाका. आलं होतं जिभेवर. पण त्यांनी विचारलं असतं, का? मग सांगावं लागलं असतं, की कपाटवाल्या भाऊजींना पत्राच कळला नाही. मी म्हणालो, आमची उडाली, मस्त.

पुढच्या आठवड्यात त्यांची पिल्लं मेली.

मी गेलो भेटायला. वहिनी पडवीत बसल्या होत्या. रडत नव्हत्या.

"तुमचं घर बराबर व्हतं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "माझीच नजर लागली पिल्लायला. सारखी डोकून पाहून राह्यल्ते ना मी."

आणि मी काय केलं? चहा प्यालो. बशीत ओतून, फुंकून, सावकाश. नजरबिजर काही नसतं, एवढंही म्हणालो नाही. म्हणालो असतो तर विषय वाढला असता, आणि वाढत वाढत पत्र्यापर्यंत आला असता. लोकांचं जे बोलणं त्यांनी जन्मभर मनावर घेतलं नव्हतं, ते त्या दिवशी त्यांना खरं वाटलं. माझ्यासमोर वाटलं.

नंतर माझ्या मुलीला मुलगा झाला. बारशाला वहिनी आल्या, स्वतः शिवलेलं झबलं-टोपडं घेऊन. मुलीने बाळ त्यांच्यापुढे धरलं. वहिनींनी हात मागे घेतले.

"नको गं बाई. मी आपली दुरूनच पाह्यते."

मला न्हाऊ-माखू घातलेली बाई माझ्या नातवाला बोटही न लावता एसटीने परत गेली. मी तिथेच पेढे वाटत होतो, सगळं पाहिलं. तेव्हा भीती वाटत होती असंही म्हणता येणार नाही. गप्प राहायची सवय झाली होती.

परवा मुलगी म्हणाली, बाबा, पूर्वी केलं होतं तसं चिमण्यांचं घर आता नातवासाठी करा. केलं. या वेळी छपराला जाड फळी, उतरती. खाली हवेसाठी फटी. दिवसभर सावली असते त्या बाजूला लावायचं. रंधा मारता मारता वाटलं, हेच वहिनींना नेऊन द्यावं आणि देता देता सांगून टाकावं — आणि लगेच माझी चलाखी माझ्याच लक्षात आली. वहिनी त्या घराचंच कौतुक करत बसतील, आणि मी आणखी एकदा सुटेन. वहिनींकडे जातोय म्हटल्यावर मुलगी म्हणाली मीही बाळाला घेऊन येते, तिलाही नको म्हटलं. बाळ समोर असलं की वहिनींना माझ्यावर धड रागावताही येणार नाही.

म्हणून उद्या सकाळी रिकाम्या हाताने, एकटाच जाणार. चहा घेणार नाही. त्या बोलणं टाकतील, दारातून परत पाठवतील, तो त्यांचा हक्क. मला एवढंच सांगायचंय — वहिनी, तुमची नजर लागली नव्हती. पिल्लं माझ्या पत्र्याने मेली. आमची तुमच्या आधी मेली होती, आणि तुमचा फोन आला तेव्हा मला ते माहीत होतं.